फसली सनातला गाडेकर

गाडेकर एम.टेक. झाला याचं मला अजूनही वाईट वाटतं. माणसं अशा वेळी ‘आनंदच आहे’ म्हणतात. चारचौघांत मीही तेच म्हणत आलो. पण आता मी निवृत्त आहे, गाडेकरही कुठल्याशा मोठ्या पदावरून निवृत्त झाल्याचं कानावर आलं आहे आणि खोटं बोलून मिळवायचं काही उरलेलं नाही. तेव्हा सरळ सांगतो, त्या माणसावर मी जितका जळलो तितका जन्मात कुणावर जळलो नाही.

वरून पाहणाऱ्याला त्यात हेवा करण्यासारखं काही दिसलं नसतं. बुटका, रुंद हाडाचा माणूस. शर्टाची गळ्याजवळची गुंडी कायम लावलेली, पायात चपला, खिशात पेनाऐवजी टेस्टर. कन्नडच्या पुढं घाटाच्या तोंडाशी त्याचं गाव. घरची शेती, घरात शिकलेला हा एकटाच. औरंगाबादच्या एका पॉलिटेक्निकात विद्युत विभागात आम्ही दोघं अधिव्याख्याते होतो आणि आमची टेबलं शेजारी शेजारी होती. मी शहरातच, खडकेश्वरात वाढलेला, कारकुनी घरातला, इंग्रजी बरं असलेला. माझ्या नोट्स मुलं पुढच्या वर्गाला वारसाहक्कानं देत. त्यामुळं मला ‘नोट्सवाले सर’ म्हणत. गाडेकरला नुसतं ‘सर’ म्हणत. कुणी नुसतं ‘सर’ म्हटलं की ते गाडेकरबद्दल बोलतायत हे सगळ्या इमारतीला कळायचं.

त्याला एक सवय होती. कुठल्याही यंत्राला तो आधी उलटा हात लावायचा, बोटांची मागची बाजू. करंट असेल तर हाताची मूठ आपोआप वळते, सरळ हात लावला असेल तर माणूस चिकटतो, उलटा असेल तर हात सुटून मागं येतो. वायरमन लोकांची ही रीत मलाही पुस्तकाबाहेरून माहीत होती. पण गाडेकरचा हात सगळीकडेच उलटा जायचा. चहाच्या ग्लासाला, दाराच्या कडीला, तापानं फणफणलेल्या विद्यार्थ्याच्या कपाळाला. नवी लाकडी खुर्ची आली तेव्हा तिलाही त्यानं आधी उलटा हात लावून पाहिला आणि मग बसला. मी हसलो. पुढं कधीतरी मीच घरच्या पितळी नळाला उलटा हात लावताना बायकोनं पाहिलं आणि विचारलं, हे काय नवीन. मला स्वतःचाच राग आला.

बोलण्यातही त्याचं सगळं मोटरीवरून चालायचं. तीन फेजची मोटर एक फेज गेली तरी चालत राहते, फक्त घुमते आणि आतून तापते. शेतकऱ्याला वाटतं चाललंय, आणि संध्याकाळपर्यंत मोटर जळते. मी टेबलाशी गप्प बसलो असलो की गाडेकर म्हणायचा, “सर, आज दोन फेजवर का?” हे तो सगळ्यांनाच म्हणायचा, पण माझ्या बाबतीत त्याचा अंदाज चुकत नसे. मी दोन फेजवर असण्याचं कारण बहुतेक वेळा तोच असायचा.

एकदा बाहेरचे परीक्षक प्रात्यक्षिक घ्यायला आले होते. प्रयोगशाळा माझी, दिवस माझा. मी बटण दाबलं आणि मोटर नुसती घूं घूं करत जागेवर थांबली. बाहेरचे सद्गृहस्थ घड्याळाकडं पाहतायत, बारा मुलं माझ्याकडं पाहतायत, आणि मी स्टार्टरची आकृती उघडून उभा. गाडेकर व्हरांड्यातून चालला होता. आत न येता, नुसता आवाज ऐकून, दारातून म्हणाला, “मधला फ्यूज बघा.” मधलाच गेला होता. इथवर मी सहन केलं असतं. पण मुलांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलेलं त्यानं पाहिलं आणि अगदी गंभीर तोंड करून मुलांना सांगितलं, की सरांनी तो मुद्दाम काढून ठेवला होता, तुमच्यातल्या कुणाला आवाजावरून कळतं का ते बघायला. परीक्षकांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी मान डोलावली. त्या दुपारी मी डबा खाल्ला नाही. तो फ्यूज ओळखून निघून गेला असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्यानं मला वाचवलं, हे मला गिळता येईना.

मुलं तर त्याच्यामागं लागलेलीच असत. फुलंब्रीचा कुणी, बिडकीनचा कुणी, गावाकडची जळालेली मोटर एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन यायचा आणि गाडेकर ती वर्गातच उघडायचा. काळी पडलेली गुंडाळी हातात धरून विचारायचा, सांगा ही कशी मेली. कुठली फेज आधी गेली, किती वेळ अशीच चालली, शेतकऱ्यानं कशाची जोडणी करून ती पळवायचा प्रयत्न केला, सगळं तो त्या काळ्या तारांवरून सांगायचा. मी तेच तीन आकृत्यांत आणि दोन समीकरणांत शिकवायचो. माझ्या तासाला मुलं लिहून घेत. त्याच्या तासाला लिहायचं विसरत.

अशात एक दिवस प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मुंबईच्या एका संस्थेत विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.साठी सेवेतल्या शिक्षकांना जागा होत्या, पगारी रजा मिळणार होती, आणि आमच्या पॉलिटेक्निकातून एकालाच सोडता येणार होतं. प्राचार्यांनी आडपडदा ठेवला नाही. गाडेकरांची सेवा जास्त, आधी त्यांचा हक्क, म्हणाले. त्यांचं काही कारणानं जमलं नाही तर कुलकर्णी, तुम्ही. खोलीतून बाहेर पडताना मी ‘काही कारणानं’ हे दोन शब्द बरोबर घेऊन निघालो.

कारण होतं. संस्थेची वयाची अट होती, तिशी पुरी झालेली नसावी. गाडेकर खरा एकोणतीसचा, पण कागदावर एकतीसचा. त्याच्या गावच्या मास्तरांनी थोरल्या भावाबरोबर त्यालाही शाळेत बसवायचं म्हणून त्याचं वय दोन वर्षांनी वाढवलं होतं आणि तारीख टाकली होती एक जून. आमच्याकडं तेव्हा निम्मा मराठवाडा एक जूनला जन्मलेला असे. गाडेकरनं संस्थेला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की मूळ जन्मनोंदीची नक्कल आणि जाणत्या माणसानं सही केलेलं भाषांतर जोडा, मग बघू.

तो कन्नडला तहसिलीत चार खेपा घालून नक्कल घेऊन आला. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतून ते दप्तर वाचलं हे त्याचं नशीब. नोंद निजामाच्या काळातली, म्हणून सगळी उर्दूत. त्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “सर, तुमचे बाबा पेशकार व्हते ना? वाचतील का?”

माझे वडील निजामाच्या तालुकदारी कचेरीत पेशकार होते. साहेबापुढं कागद वाचून दाखवायचे. त्यांच्या उर्दू अक्षराची म्हणे हैदराबादपर्यंत तारीफ होती. पोलीस ॲक्शननंतर कचेरी मराठी झाली, आणि बाबांच्या उर्दूला पुढं कुणी विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही. मला ती लिपी येत नव्हती आणि शिकायची इच्छा नव्हती.

रविवारी दुपारी गाडेकर घरी आला. बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसराही बेताचाच. ते भिंग घेऊन बसले, कागद नाकापाशी धरला, आणि वाचायला लागले तेव्हा त्यांचा आवाजच बदलला. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. एकेक शब्द ते आधी उर्दूत मोठ्यानं म्हणत, मग मराठीत उलगडत. गाडेकर मांडी घालून समोर बसला होता आणि जिथं कळेल तिथं दखनीत दाद देत होता. दोघांचं इतकं जमलं की मी चहा ठेवायला सांगून आलो तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. बाबांनी त्याला गाव विचारलं, आई विचारली, विहीर विचारली. मला त्यांनी माझा अभ्यास कधी विचारल्याचं आठवत नाही.

नोंदीत जन्म होता बारा तीर, फसली सनातला. बाबांनी गाडेकरला समजावलं की फसली म्हणजे निजामाच्या कचेरीचं वर्ष, ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं. तीर म्हणजे आपला मे. गाडेकर म्हणाला की बरोबर आहे, विहिरीला पाणी लागलं त्या उन्हाळ्यातला मी, असं आई सांगते. मग बाबा माझ्याकडं वळले. मी टेबलाशी भाषांतर लिहीत बसलो होतो. ते म्हणाले, “इसवी सन काढायला फसलीत पहिल्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे, पुढच्यांना पाचशे एक्क्याण्णव. तीर पुढचा. एक्क्याण्णव मिळव.”

मी नव्वद मिळवले.

चुकून मिळवले, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. मला बेरीज येते. नव्वदनं गाडेकर तिशी ओलांडत होता आणि एक्क्याण्णवनं आत राहत होता, हे मी लेखणी टेकण्याआधी मनात करून पाहिलं होतं. बाबांनी मला वाचून दाखव म्हटलं नाही. मुलानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. त्यांनी खाली आपली ती सुंदर सही केली, उर्दूतही आणि मराठीतही, आणि कागद गाडेकरच्या हातात दिला. गाडेकर त्यांच्या पाया पडला आणि गेला. त्या संध्याकाळी मी फार गोड वागलो घरात.

दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच असताना त्यानं तो कागद माझ्यापुढं सरकवला. तो गावाला जाऊन आला होता. रझाकारांच्या भीतीनं त्याची आई गाव सोडून रानात पळाली तेव्हा हा तिच्या कडेवर होता, नुकता पाय टाकायला लागलेला. “तुमच्या हिशोबानं सर, मी तवा पळाय पायजे व्हतो,” तो म्हणाला. “मिळवणीत एक राहिला वाटतं.”

मी कागदाकडं पाहत राहिलो. तो माझ्याकडं पाहत होता आणि त्या पाहण्यात त्याला सगळं कळलेलं होतं. त्याला आवाजावरून फ्यूज कळायचा. पण तो एवढंच म्हणाला, “व्हतं असं. बाबांना नका सांगू. त्यांची सही हाय खाली, त्यांना वाटंल आपलंच चुकलं.”

मी तिथंच बसून नवा कागद लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे, पण त्या दिवशीचं मला आवडलं नाही. संध्याकाळी तो घरी आला आणि बाबांना म्हणाला की आधीच्या कागदावर चहा सांडला, माझाच धांदरटपणा, पुन्हा सही द्या. बाबांनी त्याला कागद कसे सांभाळावेत यावर पाऊण तास ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी आतल्या खोलीत होतो आणि सगळं ऐकू येत होतं. बाहेर येऊन ‘चूक माझी’ म्हणायला दोन पावलं लागली असती. मी तेव्हा मनात काय म्हणत होतो तेही सांगून टाकतो. मी म्हणत होतो, हा इतका चांगला का वागतोय, याला भांडता का येत नाही.

त्याची निवड झाली. मुलाखतीत त्याला म्हणे मोटरी का जळतात यावरच विचारत बसले होते. त्याला निरोप द्यायला स्टेशनावर तीस-पस्तीस मुलं गेली. मला त्या दिवशी बरं नव्हतं.

वर्षभर त्याची पत्रं येत होती, बाबांच्या नावानं. बाबांचा दुसरा डोळाही आता गेल्यात जमा होता, त्यामुळं ती मलाच वाचून दाखवावी लागत. ग्रंथालय किती मोठं आहे, यंत्रशाळेत काय काय आहे, प्राध्यापक बरोबर बसून कसे चहा पितात, हे सगळं मी माझ्या तोंडानं मोठ्यानं वाचायचो आणि बाबा खुशीत ऐकायचे. दर पत्राच्या शेवटी, सरांना सांगा पुढच्या साली त्यांनी यायचंय, असं असायचं. ते वाक्य मी कधी वाचलं, कधी गाळलं.

माझं वय बसत होतं. त्याच्यापेक्षा मी दोन वर्षांनी लहान. प्राचार्यांनी आपण होऊन सांगितलं होतं की यंदा तुमचा नंबर. होळीच्या आधी एक जाड पाकीट आलं. पोस्टमनकडून ते बाबांनीच घेतलं, हातानं चाचपलं, आणि मी घरी आल्यावर माझ्याकडं दिलं. “गाडेकरचं आहे. तुझ्यासाठी आहे, पोस्टमननं नाव वाचलं.” आत संस्थेचा अर्ज होता. पेन्सिलीनं सगळा भरलेला, मी नुसती वरून शाई फिरवायची अशा बेतानं. शिक्षण, सेवा, विषय. माझी जन्मतारीख त्यानं पॉलिटेक्निकच्या कचेरीतून मागवून घेतली असणार. ती बरोबर होती. विषयाच्या रकान्यात माझ्याच एका जुन्या टिपणाचं नाव होतं, जे मी त्याला कधीतरी दाखवलं होतं आणि स्वतः विसरून गेलो होतो. ते त्याला चांगलं वाटलं होतं, हे मला त्या अर्जावरून कळलं. फक्त सहीची जागा कोरी होती.

मी तो अर्ज कपाटात कपड्यांखाली ठेवला. एका आठवड्यानं ठरवू, म्हटलं. मग दुसऱ्या आठवड्यानं.

होळीनंतर गाडेकर आला. प्रबंधासाठी कन्नडकडच्या शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी गोळा करत फिरत होता, मधे एक दुपार आमच्यासाठी काढली होती. तसाच होता. गळ्याजवळची गुंडी लावलेली, खिशात टेस्टर. मला वाटलं होतं मुंबईनं थोडा तरी बिघडला असेल. बाबांशी त्याचं बोलणं झालं, चहा झाला, आणि मग त्यानं मला सहज विचारलं, “सर, फॉर्म पाठवला व्हता. भरला ना?”

बाबा तिथंच बसले होते, आरामखुर्चीत, दोघांच्या मध्ये.

मी म्हणालो, “नाही हो. मला मिळालाच नाही.”

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि तशीच ठेवली. त्यांना दिसत नव्हतं, पण मला त्यांच्याकडं बघवेना. गाडेकरनं एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि कप खाली ठेवला. “पोस्टाचं काय सांगावं,” तो म्हणाला, आणि शेतकरी जळालेली मोटर सहजासहजी हातची सोडत कसे नाहीत याची एक गंमत सांगायला लागला. गंमत चांगली होती. मी हसलोही.

तो निघाला तेव्हा बाबा उठले. कुणाला दारापर्यंत पोचवायला न उठणारा हा माणूस, आणि डोळ्यांनी जवळजवळ आंधळा. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि गाडेकरचा दंड धरला. दोघं रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत गेले. मी खिडकीतून पाहत होतो. कोपऱ्यावर बाबा थांबून त्याला काहीतरी बोलले, बराच वेळ. गाडेकरनं मान हलवली, नाही म्हणाला असावा. मग त्यानं वाकून त्यांचे पाय धरले, त्यांना परत आमच्या फाटकापर्यंत आणून सोडलं, त्यांचा हात फाटकावर टेकवला आणि वळून चालायला लागला. वर खिडकीकडं त्यानं पाहिलं नाही. चपलेचा पट्टा तुटला होता की काय कोण जाणे, एक पाय जरा ओढत चालला होता. त्यानंतर मी गाडेकरला पाहिलं नाही.

बाबा आत आले, चाचपडत खुर्चीपर्यंत गेले, बसले. मला वाटलं होतं ते आता सगळं काढतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी त्याला सांगणार होतो,” ते म्हणाले. “तर म्हणाला, काही सांगू नका. म्हणाला, सरांना एवढाच निरोप द्या, की शेवटची तारीख अजून गेलेली नाही. पंधरा दिवस आहेत.”

अर्ज कपाटात होता. सही करायला काही लागत नव्हतं. पण सही केली असती तर मी जन्मभर गाडेकरनं भरलेल्या अर्जावर शिकलेला माणूस झालो असतो, आणि ते मला नको होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. रोज सकाळी ते मला फक्त आज तारीख काय, एवढं विचारत. मी सांगत असे. पंधरा दिवस मी त्यांना तारीख बरोबर सांगितली.